सिम्बॉल सर्व्हर

सिम्बॉल सर्व्हर म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोष शोधताना लागणाऱ्या सिम्बॉल फाइली एका ठिकाणी जतन करून, मागणी येताच नेमकी हवी ती फाइल पुरविणारी साठवण-व्यवस्था होय. ‘सर्व्हर’ या शब्दामुळे एखाद्या मोठ्या यंत्राचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात विशिष्ट रचनेने मांडलेला एक फोल्डर आणि तो नेटवर्कवरून वाचता येण्याची सोय, एवढ्यावरही सिम्बॉल सर्व्हर चालतो. मायक्रोसॉफ्ट, मोझिला, गूगल, तसेच फेडोरा व डेबियन यांसारखे लिनक्स-प्रकल्प यांचे असे सर्व्हर सर्वांसाठी खुले आहेत. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संस्था आपल्या अंतर्गत वापरासाठी स्वतंत्र सर्व्हर उभारतात. ग्राहकाकडे गेलेल्या आवृत्तीची सिम्बॉल फाइल त्याच वेळी जपून ठेवली नाही, तर ती पुढे सहसा पुन्हा निर्माण करता येत नाही. या व्यवस्थेची गरज प्रामुख्याने या कारणातून उद्भवते.

सिम्बॉल फाइल

प्रोग्राम लिहिणारी व्यक्ती त्यातील प्रत्येक फंक्शनला व चलाला अर्थपूर्ण नाव देते. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ‘व्याज काढा’, ‘पावती छापा’ अशा अर्थाची नावे असतात. कंपायलर या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तेव्हा प्रोसेसरला या नावांची गरज उरत नाही. त्याला मेमरीतील पत्ते पुरतात. म्हणून ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये ही नावे सहसा नसतात. असा प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर हाती लागते ती निव्वळ आकड्यांची माळ: अमुक मॉड्यूलच्या आरंभापासून इतक्या बाइटांवर घोटाळा झाला, आणि तेथवर येण्यापूर्वी नियंत्रण अमुक अमुक पत्त्यांवरून गेले.

या आकड्यांना पुन्हा नावे लावण्याचे काम सिम्बॉल फाइल करते. कोणता पत्ता कोणत्या फंक्शनमधील आहे, तो सोर्स कोडच्या कोणत्या फाइलमधील कितव्या ओळीशी जुळतो, कोणता चल मेमरीत कोठे आहे व त्याचा प्रकार कोणता, ही सर्व माहिती तिच्यात असते. विंडोजवर ती ‘पीडीबी’ म्हणजे प्रोग्राम डेटाबेस या स्वरूपात, लिनक्सवर ‘ड्वार्फ’ या स्वरूपात साठविली जाते. ॲपलच्या प्रणालींवरही ड्वार्फच असते, पण ते ‘डीसिम’ नावाच्या वेगळ्या पुडक्यात बांधलेले असते.

सिम्बॉल तयार केल्यास प्रोग्राम मंद होतो, हा एक रूढ गैरसमज आहे. माहिती वेगळ्या फाइलमध्ये किंवा फाइलच्या वेगळ्या भागात जात असल्याने प्रोग्रामच्या वेगाशी तिचा संबंध नसतो. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सिम्बॉल मागितले की न वापरलेली फंक्शने गाळण्याचा त्याचा मूळचा पर्याय आपोआप बंद होतो. तो पर्याय स्पष्टपणे पुन्हा चालू केला, म्हणजे ग्राहकाला देण्याचा प्रोग्राम विनाकारण फुगत नाही.

जुळणी व ओळखक्रमांक

सिम्बॉल फाइल नुसती असून भागत नाही. ती नेमकी त्याच बांधणीची असावी लागते. ज्ञानेश्वरीच्या एका प्रतीतील पृष्ठसूची दुसऱ्या प्रकाशनाच्या प्रतीला लावली, तर ओवी तीच असूनही पान चुकते. यंत्रभाषेतील पत्ते हे असे पृष्ठांक असतात. सोर्स कोडमध्ये एक ओळ वाढली किंवा कंपायलरची आवृत्ती बदलली, तरी पुढचे सारे पत्ते सरकू शकतात.

ही चूक टाळण्यासाठी प्रत्येक बांधणीला ओळखक्रमांक दिला जातो. विंडोजवर लिंकर प्रत्येक पीडीबी फाइलसाठी १२८ बिटांचा एक क्रमांक निर्माण करतो. त्याला ‘ग्विड’ म्हणतात आणि तो षोडशमान पद्धतीने ३२ अंकांत लिहिला जातो. त्याच्या जोडीला ‘एज’ नावाची छोटी संख्या असते. त्याच पीडीबीत पुढे भर घातली गेली की ती वाढते. हीच जोडी एक्झीक्यूटेबल फाइलमध्येही ‘आरएसडीएस’ या चार अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोंदीत लिहिलेली असते. डीबगर दोन्हीकडील क्रमांक ताडून पाहतो आणि ते जुळले तरच फाइल स्वीकारतो. खुद्द एक्झीक्यूटेबल फाइल शोधताना मात्र ग्विड वापरला जात नाही. तेथे फाइलच्या शीर्षभागातील वेळेचा शिक्का आणि मेमरीत व्यापली जाणारी जागा, या दोन संख्यांवरून ओळख पटते.

लिनक्सवर हेच काम ‘बिल्ड-आयडी’ करतो. फेडोरा वितरणाने २००७ साली आपल्या आठव्या आवृत्तीत तो सरसकट वापरात आणला. सामान्यतः तो फाइलच्या आशयावरून काढलेला १६० बिटांचा, म्हणजे षोडशमान ४० अंकांचा ठसा असतो.

जुना सोर्स कोड हाती आहे, तेव्हा गरज पडेल तेव्हा पुन्हा बांधणी करून सिम्बॉल मिळविता येतील, असे सहज वाटते. विंडोजवरील नेहमीच्या पद्धतीत तसे होत नाही. तोच कोड त्याच कंपायलरने पुन्हा बांधला तरी नवा ग्विड जन्माला येतो आणि डीबगर नव्या पीडीबीला जुन्या प्रोग्रामची सोयरीक नाकारतो. समान इनपुटला समान आउटपुट देणारी ‘पुनरुत्पादनीय बांधणी’ अलीकडे शक्य झाली आहे. परंतु तिच्यासाठी कंपायलर, लिंकर, सर्व लायब्ररी व त्यांचे पर्याय जसेच्या तसे जपावे लागतात, आणि ते काम सिम्बॉल फाइल जपण्याहून पुष्कळ कठीण आहे. डीबगरला न जुळणारी फाइल बळेच स्वीकारायला लावण्याचाही मार्ग आहे. त्यातून मिळणारी नावे कधी खरी तर कधी साफ खोटी असतात. नाव नसण्यापेक्षा चुकीचे नाव अधिक घातक, कारण ते वाचणाऱ्याला निर्दोष फंक्शनमध्ये दिवसच्या दिवस शोध घ्यायला लावते.

ग्राहकाकडून येणारा पुरावा बहुधा ‘मिनीडंप’ नावाच्या छोट्या फाइलच्या रूपात असतो. प्रोग्राम कोसळला त्या क्षणीचे रजिस्टर, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आणि त्या वेळी मेमरीत असलेल्या मॉड्यूलांची ओळखक्रमांकांसह यादी एवढेच तिच्यात असते. प्रोग्रामची यंत्रसंहिता सहसा नसते. ६४-बिट विंडोजवर स्टॅक उलगडण्यासाठी लागणारी कोष्टके एक्झीक्यूटेबल व डीएलएल फाइलींमध्ये असतात. म्हणून सिम्बॉल सर्व्हरवर पीडीबीबरोबर या फाइलीही ठेवणे अगत्याचे आहे. ‘प्रोग्राम तर ग्राहकाकडे आहेच’ या समजुतीने त्या वगळल्या जातात आणि नेमक्या वेळी अडचण होते.

विंडोजवरील उभारणी

विंडोजच्या डेव्हलपर संचात ‘डीबगिंग टूल्स’ नावाची उपकरणे मिळतात. त्यांतील ‘सिमस्टोअर’ हा प्रोग्राम सिम्बॉलचा साठा तयार करतो. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: ज्या फोल्डरमधील फाइली घालायच्या तो फोल्डर, साठ्याचा पत्ता आणि उत्पादनाचे नाव. आवृत्तीचा क्रमांक व शेरा ऐच्छिक आहेत. मात्र ते न लिहिल्यास वर्षभरानंतर कोणती नोंद कशाची हे ओळखणे दुरापास्त होते.

साठ्याची मांडणी साधी आहे. प्रत्येक फाइलच्या नावाचा एक फोल्डर, त्यात ओळखक्रमांकाच्या नावाचा उपफोल्डर, आणि त्यात प्रत्यक्ष फाइल. ‘हिशेब’ नावाच्या प्रोग्रामच्या दहा आवृत्त्या असतील, तर ‘हिशेब’च्या पीडीबीच्या नावाखाली दहा उपफोल्डर दिसतील. ही मांडणीच शोधाचे काम करते. डीबगरला नाव व ओळखक्रमांक ठाऊक असतात, त्यांवरून तो थेट मार्ग रचतो. कोणत्याही सूचीत शोधावे लागत नाही. त्यामुळे साठा लाखो फाइलींचा झाला तरी एक फाइल मिळविण्याचे काम फारसे वाढत नाही.

साठ्याच्या मुळाशी ‘०००ॲडमिन’ नावाचा फोल्डर असतो. त्यात प्रत्येक भरण्याला ‘व्यवहार’ मानून क्रमांक दिला जातो. सध्या अस्तित्वात असलेल्या व्यवहारांची यादी एका फाइलमध्ये, आरंभापासूनचा संपूर्ण इतिहास दुसऱ्या फाइलमध्ये आणि शेवटचा क्रमांक तिसऱ्या फाइलमध्ये असतो. पतपेढीच्या रोजकीर्दीशी या नोंदींचे बरेच साम्य आहे. एकाच वेळी अनेकांनी केलेले व्यवहार सिमस्टोअर सांभाळू शकत नाही. म्हणून भरण्याचे व काढण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे, अशी मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे. आजकाल ही ‘व्यक्ती’ म्हणजे बहुधा बांधणी करणारी स्वयंचलित यंत्रणा असते. अशी यंत्रे अनेक असल्यास ती एकामागून एकच साठ्याला हात लावतील, असा बंदोबस्त करावा लागतो.

वापरणाऱ्याच्या संगणकावर ‘एनटी सिम्बॉल पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये साठ्याचा पत्ता लिहिला जातो. त्यात आधी ‘एसआरव्ही’ ही अक्षरे, मग तारका, मग स्वतःच्या डिस्कवरील एक फोल्डर, पुन्हा तारका आणि शेवटी सर्व्हरचा पत्ता, असा क्रम असतो. मधला फोल्डर तात्पुरत्या साठ्याचे काम करतो. एकदा उतरविलेली फाइल पुढच्या वेळी तेथूनच मिळते. संस्थेच्या सर्व्हरबरोबर मायक्रोसॉफ्टच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ताही जोडण्याचा प्रघात आहे, कारण कोसळलेल्या प्रोग्रामच्या स्टॅकमध्ये विंडोजची स्वतःची फंक्शने हमखास असतात. एके काळी विंडोज एनटीचे सिम्बॉल सीडीवर मिळत. प्रत्येक सुधारणेबरोबर फाइली बदलू लागल्यावर ती पद्धत निरुपयोगी झाली.

एका इमारतीतील लोकांपुरता सर्व्हर असेल तर सामायिक फोल्डर पुरतो. दूरच्या कार्यालयांसाठी वेब सर्व्हर लागतो. येथे नवख्यांना एक अडचण हटकून येते. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर अनोळखी विस्तारनामाच्या फाइली द्यायला नकार देतो. फोल्डरमध्ये फाइल डोळ्यांना दिसते, पण डीबगरला ‘सापडली नाही’ असे उत्तर मिळते. सर्व विस्तारनामे सामान्य बायनरी फाइल म्हणून नोंदविली की हा प्रश्न सुटतो. सर्व्हर लिनक्सवर असल्यास वेगळी अडचण येते: लिनक्स इंग्रजी लहान व मोठ्या अक्षरांत भेद करतो, विंडोज करत नाही. मागणीतील नाव एका प्रकारे व साठ्यातील नाव दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असेल, तर फाइल असूनही सापडत नाही.

सोर्स कोडशी सांगड घालणे ही यापुढची पायरी होय. पीडीबीत सोर्स फाइलचा जो मार्ग लिहिलेला असतो तो बांधणीच्या यंत्रावरचा असतो. दुसऱ्याच्या संगणकावर तो अर्थशून्य ठरतो. बांधणीनंतर पीडीबीत एक जादा प्रवाह जोडून, कोणती सोर्स फाइल आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतून कोणत्या आज्ञेने मिळवावी हे नोंदविता येते. ‘सोर्स लिंक’ ही नवी पद्धत हेच काम अधिक सुटसुटीतपणे करते. हे केलेले असेल तर डीबगर दोन वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामची दोन वर्षांपूर्वीचीच ओळ दाखवितो.

लिनक्सवरील डीबगइन्फोडी

लिनक्स वितरणे सिम्बॉल माहिती प्रोग्राममधून काढून वेगळ्या पॅकेजांत ठेवतात. पूर्वी एखाद्या प्रोग्रामचा दोष शोधायचा तर ते पॅकेज शोधून, उतरवून, बसवावे लागे. ‘एल्फयूटिल्स’ या मुक्त प्रकल्पाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘डीबगइन्फोडी’ हा सर्व्हर प्रसिद्ध केला आणि हा खटाटोप पुष्कळसा संपला. जीडीबी या प्रचलित डीबगरच्या २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून त्याला या सर्व्हरशी थेट बोलता येते.

सिमस्टोअर आणि डीबगइन्फोडी यांच्या धाटणीत मूलभूत फरक आहे. सिमस्टोअरला फाइल ‘भरावी’ लागते. डीबगइन्फोडीला केवळ फोल्डर दाखवायचे असतात. तो त्यांतील सुट्या फाइली आणि आरपीएम किंवा डेब पॅकेजे स्वतः चाळतो, प्रत्येकाचा बिल्ड-आयडी काढतो आणि ‘एसक्यूलाइट’ डेटाबेसमध्ये सूची करतो. पॅकेजे जागची हलत नाहीत. मागणी आली की त्यातील हवी ती फाइल काढून दिली जाते. वेगळी सूचना न दिल्यास तो ८००२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि दर ३०० सेकंदांनी फोल्डर पुन्हा तपासतो. ओळखक्रमांकावरून सिम्बॉल, एक्झीक्यूटेबल आणि सोर्स फाइल अशा तिन्ही गोष्टी तो देऊ शकतो. शिवाय स्वतःकडे फाइल नसल्यास तो दुसऱ्या डीबगइन्फोडीकडे मागणी पुढे पाठवू शकतो. त्यामुळे कार्यालयातील छोटा सर्व्हर आणि त्यामागे वितरणाचा मोठा सर्व्हर, अशी साखळी सहज तयार होते.

फायरफॉक्ससारखे अनेक प्रणालींवर चालणारे प्रोग्राम तिसरा मार्ग वापरतात. गूगलच्या ‘ब्रेकपॅड’ संचातील उपकरण पीडीबी किंवा ड्वार्फमधून आवश्यक तेवढी माहिती काढून साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिते. मग कोणत्याही प्रणालीवरून आलेला मिनीडंप एकाच पद्धतीने वाचता येतो.

सार्वजनिक व खाजगी सिम्बॉल

पूर्ण सिम्बॉल फाइल म्हणजे प्रोग्रामच्या रचनेचा बराचसा आराखडाच असतो. म्हणून मायक्रोसॉफ्ट आपल्या सार्वजनिक सर्व्हरवर सामान्यतः छाटलेल्या फाइली ठेवते. त्यांत फंक्शनांची नावे व पत्ते असतात. स्थानिक चल व ओळींचे क्रमांक नसतात. अशी छाटलेली प्रत लिंकरकडूनच वेगळी काढून घेता येते. बाहेरच्या जगासाठी छाटलेली आणि अंतर्गत साठ्यासाठी पूर्ण, अशा दोन्ही प्रती ठेवणे इष्ट. दोन्हींचा ओळखक्रमांक एकच असल्याने त्या एकाच साठ्यात मात्र घालू नयेत.

केवळ एका नावाने केवढे वादळ उठू शकते, याचे उदाहरण १९९९ मधले आहे. विंडोज एनटी ४ च्या पाचव्या सर्व्हिस पॅकमध्ये सिम्बॉल पुरेसे छाटलेले नव्हते. अँड्र्यू फर्नांडिस या संशोधकाला त्यात सांकेतिकीकरणाच्या एका किल्लीचे नाव ‘एनएसए की’ असे आढळले. एनएसए ही अमेरिकेची गुप्तवार्ता संस्था असल्याने विंडोजमध्ये सरकारसाठी चोरवाट ठेवल्याचा संशय जगभर व्यक्त झाला. मायक्रोसॉफ्टने तो नाकारला. किल्ली आधीच्या आवृत्त्यांतही होती. दिसले ते फक्त तिचे नाव.

गोपनीयतेला दुसरीही बाजू आहे. बाहेरच्या सर्व्हरकडे केलेली प्रत्येक मागणी आपण कोणता प्रोग्राम तपासत आहोत हे त्या सर्व्हरला सांगते. जीडीबी या कारणास्तव डीबगइन्फोडीशी संपर्क साधण्यापूर्वी वापरणाऱ्याची परवानगी विचारतो. परक्या सर्व्हरवरून आलेली फाइल डीबगर उघडून वाचत असल्याने, पत्त्यांच्या यादीत विश्वासार्ह सर्व्हरच ठेवणे श्रेयस्कर.

देखभाल

सिम्बॉल सर्व्हरच्या देखभालीत मुख्य प्रश्न जागेचा असतो. सिम्बॉल फाइल प्रोग्रामच्या कितीतरी पट मोठी असू शकते. मोठ्या प्रकल्पांत एकच पीडीबी काही गिगाबाइटांची होते. रोज रात्री बांधणी करणाऱ्या संस्थेची डिस्क काही महिन्यांत भरते आणि मग घाईघाईने काय पुसायचे, याचा निर्णय घ्यावा लागतो. तो आधीच घेतलेला असावा. ग्राहकाकडे गेलेल्या बांधण्या आणि रोजच्या चाचणीच्या बांधण्या यांचे साठे सुरुवातीपासून वेगळे ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय दिसतो. पहिल्या साठ्यातून, उत्पादन कोणाकडे तरी चालू आहे तोवर, काहीही काढायचे नाही. दुसऱ्यातून काही आठवड्यांपूर्वीचे सर्व काढले तरी बिघडत नाही. भरतानाच फाइली दाबून लहान करण्याचा पर्यायही सिमस्टोअरमध्ये आहे.

पुसण्याचे काम व्यवहार-क्रमांकानेच करावे. एकच फाइल दोन व्यवहारांत भरली गेली असेल, तर सिमस्टोअर तिच्या संदर्भांची नोंद ठेवतो आणि शेवटचा संदर्भ गेल्यावरच तिला हटवितो. एक्सप्लोररमध्ये जाऊन हाताने फोल्डर पुसल्यास नोंदवही व साठा यांचा मेळ तुटतो. ‘एजस्टोअर’ नावाचे आणखी एक उपकरण बराच काळ कोणी न उघडलेल्या फाइली काढून टाकते. ते वापरणाऱ्याच्या संगणकावरील तात्पुरत्या साठ्यासाठी योग्य आहे. मुख्य साठ्यावर ते चालविणे अविचाराचे ठरेल. तीन वर्षांत कोणी न मागितलेली फाइल ही बहुधा जुन्या, स्थिर आवृत्तीची असते, आणि ती आवृत्ती कोठेतरी अजून चालू असते. डीबगइन्फोडीच्या ग्राहकाकडील साठा मात्र स्वतःच आवरला जातो. आठवडाभर न वापरलेली फाइल तेथून आपोआप जाते.

मुख्य साठ्याची राखीव प्रत सोर्स कोडच्या प्रतीइतक्याच काळजीने घ्यावी लागते. ‘०००ॲडमिन’ फोल्डर प्रत घेताना सुटला, तर फाइली मिळत राहतात पण पुढे व्यवस्थितपणे काही पुसता येत नाही. साठ्यात लिहिण्याचा अधिकार बांधणीच्या यंत्रणेलाच द्यावा, इतरांना फक्त वाचण्याचा.

भरणा झाला म्हणजे फाइल मिळेलच असे नाही. ती मिळते की नाही हे पाहण्यासाठी ‘सिमचेक’ हे उपकरण आहे. ते एक्झीक्यूटेबल वाचून जुळणारी पीडीबी सर्व्हरवर सापडते का ते सांगते. बांधणी पूर्ण झाल्याबरोबर, प्रोग्राम ग्राहकाकडे जाण्यापूर्वी, आणि ज्याचा तात्पुरता साठा रिकामा आहे अशा संगणकावरून ही तपासणी करावी. अन्यथा फाइल स्वतःच्याच डिस्कवरून मिळते आणि सर्व्हर बंद असल्याचे ध्यानातही येत नाही. फाइल का मिळाली नाही हे शोधायचे असल्यास विन्डबीजी या डीबगरमध्ये ‘सिम नॉइझी’ ही आज्ञा द्यावी. मग तो कोणकोणत्या मार्गावर फाइल शोधली व कोठे काय उत्तर मिळाले, ते ओळीने छापतो.

सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलविताना फोल्डरांची रचना तशीच नेली की साठा चालू लागतो. पत्ता मात्र शक्यतो बदलू नये. तो प्रत्येक प्रोग्रामरच्या संगणकावर, बांधणीच्या यंत्रणेत आणि कित्येकांच्या खाजगी टिपणांत लिहिलेला असतो. त्यासाठी सुरुवातीलाच यंत्राच्या नावाऐवजी ‘सिम्बॉल’सारखे एक स्वतंत्र नाव डीएनएसमध्ये घेऊन ठेवतात आणि ते आज एका यंत्राकडे, उद्या दुसऱ्याकडे वळवितात.